पंगत बाराला, जेवण चारला

चतुराबाई गावंडे यांच्या पोटाचा एक्स-रे संगणकाच्या पडद्यावर आला, तेव्हा त्यांना आधी स्वतःचा मणका दिसला. मणक्याच्या पुढून एक पांढरी रेघ खाली उतरत होती आणि कमरेपाशी तिला दोन फाटे फुटले होते. साध्या एक्स-रेत रक्तवाहिनी दिसत नाही. दिसली, तर तिच्या भिंतीत कॅल्शियमचा थर बसला आहे असं समजायचं. अमरावतीच्या सर्जननी एवढं सांगून लगेच मुद्दा मांडला. नवी किडनी कमरेतल्या याच नळीला शिवायची असते. भिंत कडक झाली असेल तर टाका बसत नाही.

"मंग?" शेजारी बसलेल्या जमुनानं विचारलं.

"मग प्रत्यारोपण करता येत नाही. आधी सीटी स्कॅन करू. दोन्ही बाजू नीट पाहू."

जमुना चतुराबाईंची धाकटी बहीण. वय त्रेचाळीस. मोर्शीजवळ संत्र्यांच्या प्रतवारीच्या कामाला जाते. किडनी तीच देणार होती. रक्तगट जुळला होता, तिच्या सगळ्या तपासण्या नीट आल्या होत्या. अडचण घेणारीच्या नसेत निघेल, हे दोघींच्याही डोक्यात नव्हतं. स्कॅनची तारीख आठ दिवसांनंतरची मिळाली.

चतुराबाई एक्कावन्न वर्षांच्या आहेत. त्या अकोल्यात राहतात. नवरा मोतीराम डाळमिलमध्ये आहे, त्याची पाळी दुपारी तीनला सुटते. चतुराबाईंचं काम मांड्यांचं. बावीस वर्षं त्या लग्नाकार्यात, तेरवीला, भागवत सप्ताहाला मांडे करतात. कणीक सैल, जवळजवळ वाहती. ती दोन्ही हातांवर झेलत कोपरापर्यंत लांबवायची आणि चुलीवरच्या उलट्या मडक्यावर अलगद टाकायची. दहा वर्षं रक्तदाब होता, औषध कधी घेतलं, कधी नाही. तीन वर्षांपूर्वी दोन्ही किडन्या गेल्या. आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस. त्यासाठी डाव्या हातात फिस्टुला, म्हणजे दोन नसा जोडून केलेली वाट, असल्यामुळे त्या हातावर कणीक झेलणं बंद झालं. पण गट त्यांचाच आहे. पाच बायका मांडे टाकतात, चतुराबाई कणकेत उजवा हात घालून पाहतात आणि पाणी किती पाहिजे ते सांगतात.

अकोल्याच्या किडनीच्या डॉक्टरांना पांढऱ्या रेघेचं फार आश्चर्य वाटलं नाही. चतुराबाईंच्या रक्तातला फॉस्फरस अडीच वर्षांपासून आठच्या आसपास होता. तो साडेपाचच्या खाली हवा. दर महिन्याला रिपोर्ट यायचा, दर महिन्याला तोच आकडा.

मोतीरामला त्यांनी समजावून सांगितलं ते असं. फॉस्फरस अन्नातून येतो, जास्तीचा किडनी लघवीवाटे बाहेर टाकते. तो वाढला की हाडं एक संप्रेरक रक्तात सोडतात. त्याचं नाव एफजीएफ-२३. ते किडनीला सांगतं, फॉस्फरस टाक. किडनीच बंद पडली असेल तर ऐकणारं कुणी उरत नाही. हाडं सोडतच राहतात. कधी कधी हे प्रमाण निरोगी माणसाच्या शेकडो पट होतं, आणि त्याचा ताण हृदयावर पडतो. रक्तवाहिन्यांवर त्याचा थेट परिणाम किती, यावर संशोधकांचं अजून एकमत नाही. पण फॉस्फरस चढलेला राहिला की नळीच्या भिंतीतल्या स्नायूंच्या पेशी हाडाच्या पेशींसारख्या वागू लागतात आणि तिथे थर बसायला लागतो, एवढं नक्की.

"म्हणजे नसेत हाड बनून राहिलं," मोतीराम म्हणाला.

"जवळपास तसंच. म्हणून तर फॉस्फरस बांधणाऱ्या गोळ्या दिल्यात. घेतात ना त्या?"

"एक बी चुकत नाही, साहेब. मी डबी पाहतो ना."

गोळ्या चुकत नव्हत्या आणि आकडा उतरत नव्हता. मग एकच शक्यता उरत होती, ती घरात सगळ्यांनी मनातल्या मनात धरली होती. जमुना ती बोलून मोकळी झाली. स्कॅनला बहिणीसोबत जायचं म्हणून ती अकोल्याला येऊन राहिली होती. सकाळी ओट्यावर दुधाचा गंज, म्हणजे पातेलं, रिकामा दिसला आणि तिचा तोल सुटला.

"ताई, खरं सांग. दूध पेतं ना तू? पेढे, खवा, कार्यात काय काय असते."

"तुह्या भाऊजीच्या चहाचा गंज आहे तो."

"मी पोट फाडून घ्यायले तयार आहो अन् तुले तोंड आवरत नाही?"

त्या दिवशी दुपारी चतुराबाईंनी जेवणच केलं नाही. तीन वर्षांत दह्याची वाटी, शेंगदाण्याची चटणी, दुधाचा थेंब त्यांनी घेतला नव्हता. शपथ घेतली असती, पण शपथेनं आकडा कमी होत नाही, हे त्यांना कळत होतं.

दुसऱ्या दिवशी डायलिसिसला गेल्यावर मशीन सुरू होताच त्यांनी आकांक्षाला बोलावून घेतलं. आकांक्षा केंद्रातली आहारतज्ज्ञ, वय सव्वीस. चतुराबाई म्हणाल्या, "पोरी, तू माह्यं सगळं लिहून घे. उठल्यापासून निजेपर्यंत. अन् माह्या बहिणीले दाखव. मी चोर नाही."

"कोणता दिवस लिहू, काकू?"

"परवाच्या तेरवीचा लिही. कार्यातच खाते म्हणतात ना मले."

आकांक्षा लिहू लागली. पाचला उठणं. कोरा चहा, अर्धा कप. सातला कार्यघरी. आठला अर्धी पोळी. मग कणीक.

"बारा वाजता पयली पंगत बसली. मी गोळी घेतली."

"कशासोबत?"

"दोन घोट पाण्यासोबत. पाणी मोजूनच आहे ना मले."

"आणि जेवलात?"

"तवा कशी जेवणार? पंगत बसून राहिली ना. चार झाले असतील. नाही, साडेचार. शेवटची पंगत उठल्यावर."

आकांक्षाचं पेन थांबलं. "आणि घरी असता तेव्हा?"

"घरी बी बाराले गोळी. जेवण ह्यायले वाढल्यावर. ते साडेतीनले येतात."

"रात्रीची?"

"आठले घेते. जेवतो मात्र धा वाजता."

फॉस्फरस बांधणारी गोळी पोटात अन्न असेल तरच काम करते. घासाबरोबर जाते, अन्नातला फॉस्फरस पकडते आणि शौचावाटे बाहेर नेते. रिकाम्या पोटी घेतलेली गोळी काहीही न पकडता निघून जाते. चार तासांनी आलेल्या जेवणाला अडवायला कुणी नसतं. कागदावर 'जेवणासोबत' असं लिहिलेलं होतं. चतुराबाईंनी ते अक्षरशः पाळलं होतं. जेवणाची वेळ म्हणजे पंगतीची वेळ. आपण जेवतो ते जेवण वेळेत धरायचं असतं, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. त्यांच्या गटात तर तसा नेमच आहे. शेवटच्या पंगतीआधी मांडेवाली जेवली की कणीक तुटते, असं मानतात.

"काकू, तुम्हाला कुणी विचारलं नाही, तुम्ही कधी जेवता म्हणून?"

"सगळ्यायनं इचारलं, काय खाता. कवा खाता, हे कोण इचारते?"

आकांक्षानं तीन कप्प्यांचा कागद काढला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं: पहिला घास, मग गोळी, मग बाकीचं जेवण. जमुनाला तिनं बाहेर बाकावर गाठून सगळं सांगितलं. जमुना आत आली, बहिणीच्या पायाशी उभी राहिली आणि चादर नीट करत राहिली. माफी तिनं मागितली नाही. "भूक लागली का?" एवढंच विचारलं.

अडीच वर्षं वाया गेली होती. डॉक्टरांनी ते लपवलं नाही. बसलेला थर विरघळत नाही, आणखी बसणं मंदावतं इतकंच, असं ते म्हणाले. चतुराबाईंनी त्यानंतर पोटाला हात लावून पाहायला सुरुवात केली. बेंबीच्या खाली, दोन्ही बाजूंना, बोटं दाबून. काही लागत नसे. लागत नसे म्हणून त्या पुन्हा पाहत.

स्कॅनचा निकाल अर्धा होता. डावीकडच्या नळीत थर सगळीकडून, कड्यासारखा. उजवीकडे ठिपके होते आणि पुढच्या भिंतीवर साधारण चार सेंटीमीटरचा स्वच्छ पट्टा.

"जागा आहे," सर्जन म्हणाले. "आज आहे. आणखी वर्षभरानं असेल, असं सांगू शकत नाही."

परवानगीचे कागद, समिती, जमुनाच्या नवऱ्याचा जबाब, यात अकरा आठवडे जाणार होते. अकरा आठवडे चतुराबाईंनी तो पट्टा मनात धरून काढले. पहिल्याच कार्यात त्या बारा वाजता पंगतीत जाऊन बसल्या. स्वयंपाकाचा ठेका घेणारे खुशालराव ओरडले, "काय चतुराबाई, आज पाहुणी झाल्या का?"

"पाहुणीच समजा. वाढा लवकर."

कणीक तुटली नाही. पण जेवताना त्या दोनदा उठून पाहून आल्या. महिनाभरात फॉस्फरस साडेसहावर आला, पुढच्या महिन्यात पाच पूर्णांक सातवर. साडेपाचच्या खाली तो ऑपरेशनच्या आदल्या दिवसापर्यंत गेला नाही.

ऑपरेशन बुधवारी सकाळी होतं. सर्जननी मोतीरामला बाजूला घेऊन क्रम सांगितला. दोघींना शेजारशेजारच्या थिएटरमध्ये नेणार. आधी चतुराबाईंचं पोट उघडणार. स्कॅन म्हणजे फोटो, नळी बोटांनी चाचपल्याशिवाय खरं कळत नाही. भिंत मऊ लागली तरच जमुनाला हात लावणार. कडक लागली तर चतुराबाईंना शिवून परत आणणार आणि जमुना होती तशी घरी जाईल.

"किती वेळात समजल?"

"तासाभरात."

साडेआठला दोघींना आत नेलं. मोतीराम बाकावर बसला. नऊ वाजले, साडेनऊ झाले. आतून एक नर्स आली आणि दुसऱ्याच कुणाचं नाव पुकारून गेली. पावणेदहाला त्यानं हिशेब केला, तास केव्हाच उलटला होता. उशीर म्हणजे चांगलं की वाईट, हे विचारायला कुणी नव्हतं. दहाला दार उघडलं आणि चाकांचा आवाज आला. तो उठून उभा राहिला. आतून रिकामं स्ट्रेचर बाहेर आलं.

दहा वाजून वीस मिनिटांनी नर्स पुन्हा आली. "गावंडे?"

"हो, मी."

"दुसऱ्या थिएटरमध्ये सुरू केलंय."

मोतीराम दोन पावलं पुढे आला. "बाई, एकडाव नीट सांगा. कोणाचं सुरू केलं?"

"बहिणीचं, काका. जमुनाबाईंचं."

म्हणजे भिंत मऊ लागली होती. तो खाली बसला. मग काहीतरी आठवल्यासारखा पुन्हा उठला आणि जमुनाच्या नवऱ्याला फोन लावायला जिन्याकडे गेला, कारण आता काळजी जमुनाचीही होती.