मुबारकमामूंचे दोन शब्द

औरंगाबादहून वेरूळला लेणी बघायला निघालेल्या माणसाला जिल्हा फुटबॉल लीगमध्ये कोण कितव्या नंबरावर आहे, हे कळून काय करायचंय? पण कन्नडच्या गाडीत कंडक्टर म्हणून मुबारकमामू असले की सुटका नव्हती. तिकिटाला पंच मारता मारता ते विचारायचे, "कुटं, वेरूळ? एक का दोन? काल मॅच बघितली का?" समोरचा नाही म्हणाला की दौलताबाद मागे पडेपर्यंत त्याला सगळा गुणतक्ता ऐकावा लागे, आणि वर फुटबॉल संघटनेच्या नावानं मामूंच्या शिव्याही.

शेख मुबारक हे त्यांचं नाव. आम्ही पोरं त्यांना मामू म्हणायचो. उंच, किडकिडीत, खाकी शर्टाचं गळ्याजवळचं बटणसुद्धा उन्हाळ्यात लावलेलं. आमच्या 'सिटी यंग्स'चे ते कोच नव्हते, मॅनेजर नव्हते, संघटनेत त्यांना कुठलं पद नव्हतं. ते फक्त बघणारे होते. पण एकोणीस वर्षांत त्यांनी आमची एक मॅच चुकवली नव्हती. मॅचच्या दिवशी सुट्टी मिळावी म्हणून ते सोबतच्या कंडक्टरांच्या दिवाळीच्या ड्यूट्या करून द्यायचे. आणि या एकोणीस वर्षांत सिटी यंग्स एकदाही सेमीफायनलला पोचली नव्हती. मी लासूर स्टेशनहून पॅसेंजरनं येऊन याच टीमकडून राइट बॅक खेळायचो, त्यामुळे या इतिहासात माझाही वाटा आहे.

मामूंना मात्र आमच्या खेळात खोट दिसतच नसे. "तुमी हारत नाय रे रामकिसन, तुमाला हारवतात," असं ते म्हणायचे, आणि त्यात अगदीच तथ्य नव्हतं असं नाही. एका साली आमच्या सगळ्या मॅचेस संपल्या होत्या आणि ग्रुपमधली एकच उरली होती. त्या दोन टीमांची बरोबरी झाली तर दोघीही वर जाणार आणि आम्ही घरी. ती मॅच चार दिवसांनी झाली. दोन्हीकडचे गोलकीपर गोलात उभे राहून शेंगा खात होते, एवढंच सांगतो. मामूंनी दुसऱ्या दिवशी अर्ज लिहिला, की ग्रुपच्या शेवटच्या मॅचेस एकाच वेळी लावाव्यात. उत्तर आलं, मैदान एकच आहे.

"मंग दुसरं करा की!" मामू गाडीतल्या भाजीवाल्या बायांना सांगत होते. "स्टेडियम बांधणार हुते ना?"

स्टेडियमचा विषय निघाला की ते लवकर थांबत नसत. आमच्या मैदानाच्या कडेला स्टेडियमच्या दोन कोनशिला होत्या. एक बहात्तर सालची, दुसरी एक्क्याऐंशीची. दोन वेगवेगळ्या मंत्र्यांनी बसवलेल्या आणि एकमेकींपासून वीस पावलांवर. एकीवर आम्ही शर्ट काढून ठेवायचो, दुसरीवर शेळ्या चढायच्या. दोन्हींवरची सगळी नावं आणि हुद्दे मामूंना तोंडपाठ होते. ते खड्या आवाजात म्हणून दाखवायचे आणि शेवटी म्हणायचे, "आन् ह्या समद्या साहेबांच्या मधी, गवत!"

मैदानावर खेळापेक्षा सभा जास्त व्हायच्या. सभा झाली की मांडवाचे बांबू निघायचे आणि खड्डे राहायचे. मामू घमेल्यात मुरूम घेऊन एकेक खड्डा बुजवत फिरायचे. "बोलून जानार साहेब, पाय मोडनार आमच्या पोरांचा," असं पुटपुटत ते पायानं मुरूम दाबायचे. मी एकदा मदतीला गेलो तर माझ्या मुरूम टाकण्यातसुद्धा त्यांनी चूक काढली.

पण त्यांचा खरा राग होता तो सत्कारांवर. जिल्हा संघटनेचे अध्यक्ष आप्पासाहेब हे कुस्तीचेही अध्यक्ष होते, कबड्डीचेही आणि नाट्यमहोत्सवाचेही. मोठी मॅच असली की ते यायचे आणि ते येईपर्यंत शिट्टी वाजायची नाही. आल्यावर बरोब्बर पेनल्टीच्या जागेवर दगड ठेवून त्यावर नारळ फोडायचा. मग शाल, नारळ, गुच्छ. पाहुण्यांचा सत्कार, पाहुण्यांच्या सोबत्यांचा सत्कार, मांडववाल्याचा सत्कार. आम्ही दोन्ही टीमा ओळीत उभ्या, अंग गार पडलेलं, पोटऱ्यांत गोळे. हिवाळ्याचा दिवस तो केवढा! मैदानावर एक दिवा नव्हता. मामू बाहेरच्या रेषेवरून ओरडायचे, "साहेब, उजेड चाललाय! उजेड चाललाय हो!" स्टेजवरचे लोक हसायचे. असल्या माणसाचा सत्कार ठेवायची अक्कल कुणाला सुचली, असं कुणी विचारलं तर उत्तर सोपं आहे. मला.

शहाऐंशीचा डिसेंबर होता. ग्रुपची आमची शेवटची मॅच छावणीच्या टीमशी होती. त्यांना बरोबरी पुरत होती, आम्हाला जिंकायलाच हवं होतं. जिंकलो की सेमीफायनल, एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. आणि शफीसाठी तर हा शेवटचाच मोका होता. शफी आमचा फॉरवर्ड, चौतीस वर्षांचा, वेल्डिंगचं काम करायचा. सौदीतल्या नोकरीचा त्याचा व्हिसा आला होता आणि जानेवारीत तो जाणार होता. मामूंनी त्याला पंधरा वर्षांचा असल्यापासून पाहिलं होतं. "शफीला एकदा सेमीफायनल खेळताना बघू दे, मंग अल्ला मला नेऊ दे," असं ते त्या आठवड्यात गाडीतल्या प्रत्येक माणसाला ऐकवत होते.

मॅचच्या आधी संघटनेचे सचिव काकासाहेब मला म्हणाले, "तुमच्याकडचं एखादं नाव दे रे. जुना क्रीडाप्रेमी म्हणून सत्कार करायचाय." मी मामूंचं नाव दिलं. वाटलं, एवढी वर्षं माणूस उन्हात उभा राहिला, एक शाल मिळाली तर काय बिघडलं? शाल, नारळ, फोटो. दोन मिनिटांचं काम.

नाव मी दिलंय हे लपवून मी मामूंना त्यांच्या घरी जाऊन बातमी सांगितली, तर ते माझ्यावरच भडकले. "मला शाल नक्को. मला साडेतीनला शिट्टी पायजे!" पण मुनिरामामी आत स्वयंपाकघरात ऐकत होत्या. हा माणूस रजा टाकून इतकी वर्षं जातो कुठं, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. त्या म्हणाल्या, "एक बार तो मेरेकू बी देखने दो, तुमारी वहाँ क्या इज्जत है." यावर मामूंनी हात टेकले. शेवटी म्हणाले, "बरं. घेतो आन् खाली उतरतो. एक शब्द बोलत नाय."

त्या दिवशी आप्पासाहेब चक्क वेळेवर आले. तीन चाळीसला नारळ फुटला. मामूंनी इस्त्रीची पांढरी शेरवानी घातली होती. मामी पहिल्या रांगेत लोखंडी खुर्चीवर, बुरख्याचा पडदा वर करून बसल्या होत्या. इतरांचे सत्कार उरकले. चारच्या सुमाराला मामूंना शाल घातली, फोटो निघाला, टाळ्या झाल्या. मामू उतरायला वळलेसुद्धा. आणि तेवढ्यात काकासाहेबांनी आपल्याकडची ती रीत पाळली. माइक मामूंच्या हातात देत ते म्हणाले, "सत्कारमूर्तींनी दोन शब्द बोलावेत."

मामू माइककडे बघत राहिले. एकोणीस वर्षं त्यांचं बोलणं भाजीवाल्या बायांनी, लेणी बघायला निघालेल्यांनी आणि आम्ही बावीस पोरांनी ऐकलं होतं. आता समोर दोन-अडीच हजार लोक होते आणि शेजारच्या खुर्चीवर खुद्द अध्यक्ष.

"दोनच बोलतो," ते म्हणाले, आणि सुरू झाले.

काय बोलले म्हणून सांगू! दोन्ही कोनशिला त्यांनी नावानिशी म्हणून दाखवल्या. लोक खो खो हसले. बांबूच्या खड्ड्यात कुणाचा घोटा कोणत्या साली मोडला, ते सांगितलं. शेंगा खाणारे गोलकीपर सांगितले. "एका सालाला वर जानार दोन टीमा, दुसऱ्या सालाला तीन. लीग चालू असताना नियम बदलला. काइकू? कुनाची तरी टीम तिसरी आली म्हनून!" लोक उठून शिट्ट्या मारत होते. ते थेट आप्पासाहेबांकडे वळले. "साहेब, तुमी कुस्तीचे अध्यक्ष, कबड्डीचे अध्यक्ष, आमचेबी अध्यक्ष. एक सांगा साहेब, ह्या ग्रुपमधी आज पहिल्या नंबरावर कोन हाय?" आप्पासाहेबांनी हातातल्या गुच्छाकडे पाहिलं. सगळं मैदान हसलं.

आम्ही खेळाडूही हसलो. खरं तेच सांगतो. मी बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. शफी ओरडला, "और बोलो मामू!" अकराही जणांनी टाळ्या वाजवल्या. इतक्या वर्षांचं तुंबलेलं कुणीतरी मोकळं करत होतं आणि आमचा जीव थंड होत होता. सूर्य कुठं आहे हे आमच्यापैकी कुणीही पाहिलं नाही. रोज उजेडाची आठवण करून देणारा माणूसच माइकवर होता.

मामू थांबले तेव्हा चार चाळीस झाले होते. आता शिट्टी होईल असं वाटलं. पण इतकं सगळं अंगावर आल्यावर अध्यक्ष गप्प बसतात होय? आप्पासाहेब उठले, शांतपणे माइक ओढला आणि पस्तीस मिनिटं उत्तर दिलं. त्यात स्टेडियम पुन्हा एकदा जाहीर झालं. मग खेळाडूंशी हस्तांदोलन. पंच बद्रीनाथ सरांनी दोन्ही कॅप्टनना बोलावून सांगितलं, पस्तीस-पस्तीसऐवजी वीस-वीस मिनिटांचा खेळ. साडेपाचला मॅच सुरू झाली.

वाईट खेळलो असतो तर निदान समाधान होतं. आम्ही त्या दिवशी जीव तोडून खेळलो. छावणीवाले सगळे मागे जाऊन दाटीवाटीनं उभे राहिले, त्यांना काय, बरोबरीच हवी होती. शफीचा एक फटका गोलच्या आडव्या बारला लागून परत आला. दुसऱ्या हाफला त्यांची माणसं दमली, जागा सापडायला लागल्या. गोल येणार होता, ते आमच्या पायांना कळत होतं. पण धूळ उडत होती आणि बॉल धुळीच्याच रंगाचा दिसायला लागला होता. शफीनं एक पास छातीवर घेण्यासाठी अंग पुढं केलं आणि बॉल त्याच्या कानाजवळून निघून गेला. त्याला तो दिसलाच नाही. बद्रीनाथ सरांनी शिट्टी वाजवली आणि दोन्ही हात वर केले. बारा मिनिटं बाकी होती, गोल एकही झाला नव्हता, आणि अंधारानं थांबलेली मॅच आहे त्या स्कोअरवर संपली, असाच संघटनेचा नियम होता.

मामू शालीसकट मैदानात धावत आले. "सर, बारा मिंटं! फकस्त बारा! मी लाइट आनतो." ते रस्त्याकडे पळाले आणि तीन रिक्षावाल्यांना हातापाया पडून मैदानाच्या तोंडाशी उभं केलं. रिक्षाच्या दिव्यांत कोपऱ्यातलं गवत दिसलं, बाकी काही नाही. मग ते आप्पासाहेबांच्या जीपकडे गेले. जीप निघालीच होती. "साहेब, नुसते दिवे लावून हुभी ऱ्हाऊ द्या," असं ते काचेवर हात ठेवून म्हणत होते. आप्पासाहेबांना लग्नाला जायचं होतं. जीप हळूहळू गर्दीतून निघून गेली.

मामू परत बद्रीनाथ सरांकडे आले. सर सज्जन माणूस, शाळेत पीटी शिकवायचे. ते हळूच म्हणाले, "मामू, मी चारला शिट्टी हातात घेऊन मधल्या रेषेवर उभा होतो. तुम्ही माझ्याकडे एकदा तरी बघायचं होतं."

मामूंचा हात शालीच्या काठाशी गेला. ते तो काठ चुरत राहिले.

छावणीच्या पोरांनी नाचायला सुरुवात केली. लोक पांगताना मामूंच्या पाठीवर थापा मारून जात होते. "कंडक्टरसाब, क्या बोले आज! आप्पासाहेबाचं तोंड बघन्यासारखं झालं हुतं!" मामी खुर्चीवर नारळ मांडीवर घेऊन बसल्या होत्या. खेळाचा निकाल काय लागला ते त्यांना कळलं नव्हतं. इतकी माणसं नवऱ्याला सलाम करतायत हे दिसत होतं आणि त्या खुशीत होत्या.

शफी बूट हातात घेऊन अनवाणी आला. त्याचे डोळे लाल होते, पण मामूंना पाहून तो हसला. त्यानं त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. "मामू, स्पीच एक नंबर झाली. सौदीला जाऊन सांगेन सगळ्यांना." तो मनापासून बोलत होता, टोमणा नव्हता. टोमणा असता तर मामूंनी सहन केला असता. ते मान खाली घालून उभे राहिले आणि शफी गेल्यावरसुद्धा त्यांनी ती वर केली नाही.

मला राहवेना. मी म्हणालो, "मामू, सत्काराला तुमचं नाव मी दिलं होतं. चूक माझी आहे."

"नाव तू दिलं," मामू म्हणाले. "माइक मी सोडला नाय."

"पण खोटं काय बोललात तुम्ही? सगळं खरंच होतं."

"व्हय. समदं खरं हुतं." ते अंधारात मैदानाकडे बघत होते. "खरं बोलायला मला चाळीस मिंटं लागली रे रामकिसन. शफीला बाराच पायजे हुती."

एवढं बोलून ते मामींना घेऊन फाटकाकडे चालायला लागले, आणि वाटेत अभिनंदन करायला थांबलेल्या प्रत्येक माणसाला हात जोडत राहिले.