दुसऱ्या अल्बमचा शेवट

कलावंताची खरी परीक्षा दुसऱ्या कृतीत होते. पहिली आयुष्यभराच्या साठवणीतून येते. आत काय उरलं आहे ते दुसरीच्या वेळी कळतं. हे वाक्य माझं नाही, माझ्या थोरल्या भावाचं आहे. एका परदेशी पॉप रॉक बँडच्या दुसऱ्या अल्बमबद्दल दादाने ते कॉलेजच्या कट्ट्यावर इतक्या वेळा ऐकवलं, की मित्र चहा अर्धा टाकून उठून जात.

बँडचा पहिला अल्बम तुफान चालला होता. दुसरा पडला. आमच्या ओळखीत तो फक्त दादाला आवडला, आणि दादाला आवडला म्हणून मला. दादाची सगळी भिस्त शेवटच्या गाण्यावर होती. ते ऐन भरात, गायकाने शब्द अर्धाच उच्चारलेला असताना, कापल्यासारखं थांबायचं.

"बाकीचे गाणं हळूहळू मिटवतात. हे तोडतात," दादा म्हणायचा. "वाक्य अर्ध्यात सोडायला छाती लागते, गाढवा."

आमच्याकडे कॅसेट होती, शनिवार पेठेतल्या एका दुकानातून भरून आणलेली. आपण कोरी कॅसेट न्यायची, दुकानदार त्याच्याकडच्या रेकॉर्डवरून गाणी उतरवून द्यायचा. त्याला प्रश्न विचारलेले चालत नसत.

यंदा दादाला झटका आला. बिबवेवाडीतल्या घरी तो वहिनीला सोसायटीच्या पाण्याच्या टाकीबद्दल काहीतरी सांगत होता. "त्या टाकीचं मी..." एवढं म्हणाला आणि वाक्य तिथेच राहिलं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, जे परत यायचं ते बहुतेक सुरुवातीच्या काही महिन्यांत येतं. ते महिने संपत आले तरी एक अक्षर नाही. वहिनी रोज त्याच्यासमोर बसून विचारायची, "अहो, टाकीचं काय म्हणत होता?" तो नुसता बघायचा. सुरुवातीला मला ते ऐकवत नसे. मग मीही विचारू लागलो. टाकीत आम्हाला दोघांनाही काडीचा रस नव्हता.

घरी येणारी स्पीच थेरपिस्ट अमरावतीकडची, वयाने लहान. चित्रं झाली, वार झाले, आकडे झाले. शेवटी ती म्हणाली, "काका, त्यांना पाठ असलेलं काही लावून बघा नं. कधी कधी गाण्यातून शब्द निघतो."

"आणि नाही निघाला तर?"

ती पिशवी आवरत राहिली.

वहिनीने अभंग लावले, भावगीतं लावली. दादाने भिंतीकडे तोंड केलं. मग मी फोनवर तो अल्बम शोधला.

"इंग्रजी?" वहिनी म्हणाली. "भावजी, त्यांना मराठी बोलता येत नाहीये."

"बघू तरी."

इतक्या वर्षांनी ऐकला. अल्बम पडला ते योग्यच झालं होतं, सगळा दणदणाट. दादाचा चेहरा कोरा. एकेक गाणं संपत होतं आणि यानंतर लावायला माझ्याकडे काही नव्हतं. शेवटचं गाणं लागलं तेव्हा मी त्याचा चांगला हात घट्ट धरला. ती जागा आली.

गायक पुढे गेला. त्याने शब्द पूर्ण केला, ओळ पूर्ण केली, तीच ओळ पुन्हा म्हटली, मग आणखी एकदा, आता मागे लहान मुलांचा कोरस आणि टाळ्या. आमच्या कॅसेटमधली टेप संपली होती, एवढंच. छातीचा काही संबंध नव्हता.

दादाचे डोळे माझ्याकडे वळले. इतक्या महिन्यांत त्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काही दिसलं, आणि तो संताप होता. हात सोडवून घेऊन त्याने फोनच्या दिशेने फटकारला. ओठ वेडेवाकडे झाले.

"बंद."

वहिनी हातातलं पातेलं घेऊनच धावत आली. "काय म्हणाले? अहो, परत म्हणा ना!" तो म्हणेना. तोवर गाणंही संपलं होतं.

"भावजी, परत लावा."

"वहिनी, त्याला त्रास होतोय."

"होऊ दे! लावा म्हणते ना!"

लावलं. त्याच जागी, टेप संपली होती तिथे, तो म्हणाला, "बंद." वहिनी पातेल्यासकट खाली बसली आणि रडली.

थेरपिस्टने बजावलं, "त्यांनी म्हटलं की लगेच बंद करत जा. बोलल्याचा उपयोग होतो, हे त्यांना कळू द्या नं."

त्यामुळे आता रोज सकाळी ते गाणं लागतं, ती जागा येते, दादा म्हणतो आणि मी बंद करतो. अल्बम पूर्वीसारखाच अर्ध्या शब्दावर तुटतो. दादाच्या चेहऱ्यावर समाधान असतं, की मला तसं वाटतं, कोण जाणे. दुसरा शब्द अजून आलेला नाही. वहिनीचं विचारणं चालू आहे.

परवा सोसायटीने नोटीस लावली. टाकी गळते आहे.