प्रातिनिधिक शेळी

प्रातिनिधिक ही शेळीची नवी जात आहे, असं मी अख्ख्या पारधी वस्तीला सांगून बसलो.

सातवी शिकलेला वस्तीत मी एकटाच. त्यामुळं न कळलेलंही समजावून सांगायची जबाबदारी माझ्यावर. वाशी तहसीलच्या कार्यक्रमाचं बोलावणं घेऊन शिपाई आला. म्हणाला, "प्रातिनिधिक शेळीवाटप हाय." मी वस्तीला सांगितलं, उस्मानाबादी शेळी एका वेताला दोन देती, ही तीन देत असंल. सरकारी हाय.

बायकोनं ते ऐकलं आणि ऊसतोडीच्या मुकादमाला दारातनं परत लावलं. "औंदा कोयता न्हाय. पोरीला शाळंतनं काढायची न्हाय."

मंडपात मला फेटा बांधला. हातात दोर दिला. शेळी काळीभोर, कान लोंबते. फोटो निघाला, टाळ्या झाल्या. मी पायऱ्या उतरून शेळीसकट घराकडं चालू लागलो.

माइक चालूच होता. साहेब ओरडले, "अरे धरा त्याला! पारध्याच्या हातात दोर दिला की चालला घेऊन!"

मंडप हसला. मीही हसलो. लोक हसत असले की आपणही हसायचं, म्हणजे मार कमी बसतो. हे आम्हाला बोलता येण्याआधी येतं. पोलिसानं दंड धरला. शिपायानं दोर काढून घेतला. "प्रातिनिधिक म्हंजी नुसतं दाखवायला, येड्या. ह्या शेळ्या मागून आणल्यात. तुमच्या मागनं येतील."

आल्या नाहीत. ढोकीकडं ऊस तोडायला गेलो. पोरगी शाळा सोडून संगं आली, मोळ्या बांधायला. फडात कुणीतरी मोबाईल दाखवला. फेट्यातला मी. खाली लिहिलेलं: 'चोरीकडून प्रगतीकडे'.

चोरी. मी. कधी?

त्या दिवशी हसू आलं नाही.

हंगाम संपवून परतलो, तर तोच शिपाई वस्तीवर. "चल, शिलाई मशीनचं वाटप हाय. साहेबांनी तुलाच बोलीवलंय. तुझा फोटू लई झ्याक येतो."

मी सगळ्यांना गोळा केलं आणि त्यांच्यासमोर त्याला सांगितलं, "आमच्यातलं कुणीबी मंडपात येणार न्हाय. द्यायचं ते वस्तीवर आणून द्या. आन् पयलं ते चोरीचं पुसा. तवर तुमच्या स्टेजवर आमचं तोंड दिसणार न्हाय."

शिपाई गाडीला किक मारून गेला. मी जरा छाती काढून बायकोकडं बघितलं.

ती म्हणाली, "आली अक्कल. पर पोरीचं वरीस खाऊन आली."