दिवाणाच्या खुनाची बंदूक

गज बंदुकीच्या नळीत पुरता उतरला नाही. मी अंगठ्याने खूण धरून तो बाहेर काढला आणि नळीला बाहेरून लावून पाहिला. तो टोपीच्या जागेपर्यंत पोहोचायला हवा होता. चार बोटे कमी पडत होता.

"बंदूक भरलेली आहे," मी म्हणालो.

पोलीस दलात मी आर्मोरर होतो. शस्त्रांची देखभाल आणि दुरुस्ती हे माझे काम. निवृत्तीनंतर उमरग्यात राहतो. जळकोटजवळच्या माळावर एका संस्थानी दिवाणाच्या खुनावरील चित्रपटाचे शूटिंग चालू होते. शस्त्रे तपासण्यासाठी मला बोलावले होते. खुनाच्या सीनसाठी केलेली लाकडी बंदूक कॅमेऱ्यात खोटी दिसू लागली, म्हणून प्रॉडक्शन मॅनेजरने गावातील भगवानरावांची ठासणीची बंदूक मागून आणली. अशा बंदुकीत दारू व छर्रे तोंडाकडून भरून गजाने ठासतात. मागे तांब्याची टोपी बसवतात. घोडा टोपीवर आपटला की बार उडतो. सीनमध्ये मारेकऱ्याने दहा फुटांवरून दिवाणावर नेम धरून नुसती टोपी फोडायची होती. धूर पुढे कॉम्प्युटरवर घालणार होते.

दिग्दर्शक घड्याळ पाहत होते. "काका, ऊन उतरतंय. मालक स्वतः सांगतायत रिकामी आहे म्हणून."

"सांगू द्या. बंदूक मी देणार नाही."

मॅनेजर चिडला. "तुम्हाला सल्ला द्यायला बोलावलंय, काम अडवायला नाही."

"हाच सल्ला आहे."

भगवानराव दुखावले. साठीचे गृहस्थ, परवाना वडिलांपासूनचा. "साहेब, आमच्या घरात खोटं बोलायची रीत न्हाय. दसऱ्याला पूजा झाली की बांधावर बार काढतो. मग वरीसभर हात लावत न्हाय. रिकामीच असती ती."

"ठासता कधी?"

"आदल्या दिशी. थोरला ठासतो."

"या दसऱ्याला बार कोणी काढला?"

"कोण म्हंजे? म्याच..." ते थांबले. डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "न्हाय. दसऱ्याच्या सकाळीच चुलती गेली. सुतक लागलं. पूजाच झाली न्हाय अवंदा."

दिवाणाचे काम करणारे नट, लातूरकडचे एक शाळामास्तर, शामियान्यातील गादीवर पगडी घालून बसले होते. ते सावकाश उठले आणि माझ्या मागे येऊन उभे राहिले.

मी नळीत पाणी ओतून दारू भिजू दिली. मग गजाच्या टोकाला मळसूत्री आकडा लावून आत बोळा करून ठासलेली चिंधी ओढून काढली. बंदूक उलटी करताच सतरंजीवर मूठभर छर्रे पडले.

"छर्रे कशाला घातले?" मी विचारले.

"कोऱ्या बारानं दसरा व्हतो का साहेब?" भगवानराव म्हणाले. मग मास्तरांकडे वळून त्यांनी हात जोडले. "चुकलं मास्तर."

"चुलतीबाईंचं वय काय होतं?" मास्तरांनी विचारले.

"नव्वदीच्या पुढं."

"मग त्या गेल्या ते चालेल. माझं पन्नासच आहे."

त्या दिवशीचे ऊन गेले. मॅनेजर माझ्याशी बोलला नाही. दुसऱ्या सकाळी बंदूक धुऊन, वाळवून, गज पुन्हा घालून मी ती सर्वांना दाखवली. मास्तरांना स्वतः गज घालायला लावले. तरीही नेम त्यांच्या शेजारी हातभर अंतरावर धरवला. कॅमेऱ्याला तो फरक कळत नाही. टोपी फुटली. दिवाण उत्तम मेला.

चित्रपट मी उमरग्याला पाहिला. खुनाच्या वेळी शेजारचे गृहस्थ हळहळले. मला समाधान वाटले. आदल्याच दिवशी मास्तरांचा फोन आला होता. ते दहावीच्या उत्तरपत्रिका तपासत होते.

नोकरीत मी जी माणसे चुकून सुटलेल्या गोळीने गेलेली पाहिली, त्यांच्या बाबतीत बंदूक खोटे बोलणाऱ्याची क्वचितच होती. बहुतेक वेळा ती भगवानरावांसारख्या सज्जन आणि पूर्ण खात्री असलेल्या माणसाची असे.