मागची लाट

त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. येलदरी धरणावर तो वल्ह्याची होडी चालवायचा आणि आता इंजिनाची बोट घेणार होता. विकणाऱ्याने दोन बोटी पाण्यात सोडून दाखवायला आणल्या होत्या. मी काठावर उभी दिसले तसा होडीवाला म्हणाला, "बसा ताई, बोटीला भार पायजे."

आमच्या घरातली पहिली पदवीधर मी. भार म्हणून मान पहिल्यांदाच मिळाला. बसले.

पहिली बोट अशी सुटली की मला लय आवडली. पण हा गडी पुढे बघेचना. हात सुकाणूवर आणि मान मागे. आमची लाट काठाकडे निघाली होती. तिथे त्याची बायको थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळं सोडत होती. लाट पोचली, तराफा हेलकावला, तशी तिने जाळं टाकून दोन्ही हातांनी कडा धरली. त्याचा चेहरा उतरला.

दुसरी बोट संथ निघाली. तिची लाट वाटेतच विरली.

"हीच घेतो," तो म्हणाला.

"अहो, पहिली किती पळत होती!"

"पुढं कवा पोचतो ते गिऱ्हाईक बघतंय, ताई. मागं कोण हालायलंय ते मला बघाय पायजे."

मला सगळ्यांनी पुढेच बघायला शिकवलं, आणि ते बरोबरच होतं. तरी परतताना मी मागे तोंड करून बसले.

काठ जवळ आला तशी त्याची बायको तराफ्यावरून ओरडली, "इंजिन लावून बैलगाडीच घेतली म्हना की!"

तो नुसता हसला. तिचे दोन्ही हात जाळ्यात होते.