मऊ लागलेलं पोट

मोघेसरांना जाऊन आता सात आठवडे होतील. शेवटची भेट त्यांच्याच घरी, आखातातल्या अल ऐनला, शुक्रवारच्या जेवणात झाली. शुक्रवार सुट्टीचा, म्हणून आम्ही तीन-चार मराठी घरं तिथे जमायचो. त्या दिवशी अळूची भाजी होती, आणि सर अर्धं ताट तसंच ठेवून आतल्या खोलीत जाऊन पडले. त्यांच्या पत्नीने, शुभाताईंनी, मला डोळ्यांनी खुणावलं. आत गेले तर सर पोट धरून कुशीवर वळलेले, कपाळावर घाम. "बघ गं नीला, हात लावून." मी लावला. "मऊ आहे, सर." "मग खलास, विषय संपला! जा, जेवून घे. पानं खोळंबलीत." आणि मी खरंच जाऊन जेवले...

आमची ओळख नव्वदीच्या सुरुवातीची. सर आमच्या इस्पितळात सर्जन आणि मी भूल देणारी डॉक्टर, मुंबईहून नवीकोरी आलेली, तोंडात बोट घातलं तरी न चावणारी. तेव्हा आमच्याकडे येणारी पोटं बहुतेक मजुरांची असत. कॅम्पातून कंपनीच्या बसने एखाद्या पंचविशीच्या माणसाला दोघं धरून आणायचे. रिकाम्या पोटी काळा चहा, सिगारेटी, आणि दोन दिवस अंगावर काढलेलं दुखणं. सगळे एकच सांगायचे, "साब, गॅस है." सर हात ठेवायचे. पोट पाटासारखं कडक लागलं की अल्सर फुटलाय हे ते ओळखायचे आणि ओरडायचे, "यल्ला, चला, टेबलवर घ्या!" त्या हाताने किती माणसं वाचवली, ते मी उशाशी बसून पाहिलंय. तापटही तेवढेच. मला मिनिटभर उशीर झाला की सगळ्यांसमोर, "नीला, पेशंटला झोपवायला आलीस की स्वतः झोपायला?" मी तणतणत घरी जायचे.

पुढे ते दिवस सरले. अल्सरवर चांगल्या गोळ्या आल्या, माणसं वेळेवर दाखवायला लागली. फुटलेल्या अल्सरच्या जागी पित्ताशयाचे खडे आले, मोटार अपघातांतली पोटं आली, आणि साठीतली, मधुमेहाची, हृदयाची माणसं. "पूर्वी पोटं उपाशी यायची, आता खाऊनपिऊन येतात," सर म्हणायचे, "आपण मात्र जुनाच हात घेऊन बसलोय." ज्युनिअर डॉक्टरांना ते बजावायचे, हार्टचा पेशंट आहे, पेन भयंकर आहे आणि तरी पोट मऊ लागतंय, तर तिथेच घाबरा. आतड्याची रक्तवाहिनी बंद झालेली असू शकते. पोट कडक व्हायची वाट पाहिलीत तर उशीर झालेला असेल. हे मी दहादा ऐकलं होतं. सरांच्या हृदयाचे ठोके अनियमित पडतात, हेही मला ठाऊक होतं.

तरी त्या दुपारी आम्हां दोघांना जुनाच नियम आठवला: पोट मऊ, म्हणजे काळजी नाही. दवाखान्यात असतो तर कदाचित नवा आठवला असता; घरात पाहुणे होते, पानं वाढलेली होती... संध्याकाळी त्यांना नेलं तेव्हा पोट कडक झालं होतं. भूल मीच दिली. सहकाऱ्याने पोट उघडलं, काळं पडलेलं आतडं पाहिलं आणि तसंच परत शिवायला घेतलं. सर शुद्धीवर आले नाहीत.

गेल्या महिन्यात शुभाताईंनी घर आवरलं आणि त्या मुलाकडे पुण्याला गेल्या. मी मदतीला गेले होते. स्वयंपाकघरात बरण्या कागदात गुंडाळताना त्यांनी विचारलं, "नीला, खरं सांग. दुपारीच नेलं असतं तर वाचले असते का गं?"

"नाही हो ताई," मी लगेच म्हणाले, "काही उपयोग झाला नसता."

त्या खाली बसल्या. "बरं झालं बाई. मला वाटत होतं, मीच जेवायची घाई केली."

ताई, हे ज्या पुरवणीत छापून येईल ती पुण्यालाही येते, तुम्ही वाचालच. मी खोटं बोलले. ते कदाचित वाचले असते. तुम्ही फक्त वाढत होतात. चूक माझी होती.