डाव्या कानातलं डिक्टेशन

आमच्या घरी भुताखेतांचं बोलणं निघालं की मी उठून चहा ठेवायला जाते. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर पुढचं वाचून कोणी म्हणेल, म्हातारी अंगारेधुपारे करणारी दिसते. तसं काही नाही. नोकरीतली सगळी वर्षं मी शाळेत गणित शिकवलं. कोणा बाईच्या अंगात आलं असं ऐकलं की ती सकाळपासून जेवली आहे का, हेच मला आधी विचारावंसं वाटतं. पण एक गोष्ट माझ्या स्वतःच्या बाबतीत घडली... आणि तिचा उलगडा मला आजवर झालेला नाही. नात म्हणाली, आजी तू सांग, मी टाइप करते. म्हणून सांगतेय. घडली तशी.

गोष्ट साठ सालानंतरची, यवतमाळकडच्या महागावची. आमचं गाव तिथून आत, कपाशीच्या शेतांमधलं. हायस्कूलसाठी बाबांनी मला महागावला मावशीकडे ठेवलं होतं. काकालोकांचा विरोध होता. पोरीला एवढं शिकवून काय करायचं, असं ते उघडच म्हणत. बाबांनी एवढंच कबूल केलं होतं की मी एखाद्या परीक्षेत अडकले तर शिक्षण तिथेच थांबेल. पुसदकडचं एक स्थळ तेव्हाच विचारून गेलं होतं.

आणि मी अडकणार हे जवळजवळ ठरलेलं होतं, कारण माझा डावा कान. लहानपणी मोठा ताप आला, कान फुटला, कितीतरी दिवस वाहत राहिला आणि मग कायमचा बंद झाला. त्या बाजूनं ढोल वाजला तरी मला अंगाला हादरा कळायचा, आवाज नाही.

आमच्या शाळेचा नियम असा होता की मॅट्रिकचा फॉर्म भरण्याआधी इंग्रजीची एक वेगळी टेस्ट द्यायची. बाहेरून परीक्षक यायचे. ते एक उतारा वाचायचे, तो ऐकून जसाच्या तसा लिहायचा. मग एकेकाला बोलावून दुसरा उतारा मोठ्यानं वाचायला लावायचे आणि त्यावर प्रश्न विचारायचे. यात नापास झालेल्याचा फॉर्म हेडमास्तर भरू देत नसत. रीडिंगची मला भीती नव्हती. भीती होती ती डिक्टेशनची.

वर्गात मुली दोनच, मी आणि जमना. जमना उमरखेड रस्त्यावरच्या तांड्यातली, बंजाऱ्यांची. घरी गोर बोली, शाळेत मराठी. तिच्या मराठीवर पोरं हसायची. इंग्रजी मात्र तिला मनापासून आवडायची. "मराठीत मले सारे हासते," ती म्हणायची, "इंग्रजीत सारेच अडकते. तिथं कोन कोनाले हासन?" तिला यवतमाळला जाऊन नर्स व्हायचं होतं. शाळा सुटली की ती मावशीच्या ओसरीवर येऊन माझ्या उजव्या बाजूला बसायची आणि मला डिक्टेशन द्यायची. मावशी सुरुवातीला तिला ओसरीवरच, वेगळ्या पेल्यात पाणी द्यायची. हिवाळ्यापर्यंत दोघींना एका ताटात भाकरी वाढायला लागली होती.

पुस्तकातले धडे संपले तेव्हा जमनानं किराणा दुकानातून पुड्या बांधायची इंग्रजी रद्दी मागून आणली. तेलाचे डाग पडलेल्या त्या कागदांवरचं काहीही ती वाचायची— जाहिराती, बाजारभाव, कोणाच्या तरी मरणाची बातमी. तिची वाचायची एक तऱ्हा होती. लांब शब्द आला की आधी नाकानं मोठा श्वास घ्यायची. फुल स्टॉपला म्हणायची "टिंब" आणि कॉमाला "शेपटी". मी चिडायचे, परीक्षेत असं कोणी म्हणत नाही म्हणून. तिला फरक पडायचा नाही.

पौषात कापसाची वेचणी जोरात आली. घरी माणूस कमी म्हणून जमनाच्या बापानं तिला बोलावून घेतलं. टेस्टच्या आधी येतो, असं सांगून ती गेली. जाताना मला म्हणाली, "कुसुम, तुले ऐकू नाही आलं तं घाबरू नको. मागचा शब्द पाहून पुढचा समजून घेत जाय." यापलीकडे आमचं काही बोलणं झालं नाही.

ती आली नाही. बाजाराच्या दिवशी तांड्यातला एक माणूस मावशीच्या दारात उभा राहिला. वेचणीत जमनाला ताप भरला होता. आधी घरचे उपाय झाले, मग बैलबंडीत घालून उमरखेडला दवाखान्यात न्यायला निघाले. ती रस्त्यातच गेली. तो माणूस हे सगळं मावशीला सांगत होता आणि मी आत गहू निवडत होते. माझा चांगला कान दाराकडे होता. मी सुपातले खडे काढतच राहिले... बराच वेळ. मग मावशीनं माझ्या हातातून सूप काढून घेतलं.

टेस्ट पुढच्याच आठवड्यात होती. मी जाणार नाही म्हणून बसले. मावशीनं बाबांना निरोप धाडला. टेस्टच्या आदल्या दिवशी बाबा आले, रागावले नाहीत. म्हणाले, "नाही जात तं नको जाऊ. पन मंग घरी चाल, सामान बांध." त्यांच्या आवाजात इतका थकवा होता की मी सामान न बांधता दुसऱ्या दिवशी शाळेत गेले.

परीक्षक यवतमाळहून एसटीनं आले होते. वयस्क, किडकिडीत गृहस्थ. खोकला झालेला, आवाज अगदी बारीक. एरवी हेडमास्तर मला अशा जागी बसवायचे की बोलणारा माझ्या उजव्या हाताला येईल. या साहेबांनी सगळ्यांची जागा बदलली. मुलींचा बेंच त्यांनी उजवीकडच्या खिडकीशी लावला. त्या बेंचावर आता मी एकटीच होते. खिडकीकडे माझा चांगला कान आणि साहेबांकडे मेलेला. बेंचाचा डावा अर्धा भाग रिकामा. मी सांगायला हवं होतं... पण बाहेरच्या साहेबांपुढे उभं राहून 'मला ऐकू येत नाही' म्हणायचा मला धीर झाला नाही.

खिडकीबाहेर रस्ता होता. कापसाच्या बंड्या चालल्या होत्या, एकामागे एक, चाकं करकरत. साहेबांनी वाचायला सुरुवात केली. पहिल्या वाक्यातले एकदोन शब्द माझ्या हाती लागले. त्यानंतर फक्त चाकं. मी साहेबांच्या ओठांकडे पाहत होते, पण त्यांनी पुस्तक तोंडासमोर धरलं होतं. आजूबाजूच्या पोरांच्या माना खाली, टाक चालू. माझ्या टाकाच्या टोकावर शाई तशीच होती. मला आठवतं, मी मनात बाबांची क्षमा मागत होते.

मग डावीकडून श्वास आला. नाकानं घेतलेला, मोठा.

आणि जमना वाचायला लागली.

बंद कानात. याबद्दल माझ्या मनात तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही. आठवणीतला आवाज डोक्यात येतो, तो आपल्याला कळतो. हा तसा नव्हता. कानाला ऊब लागत होती. खांद्याला खांदा लावून बसलेलं माणूस बोलतं तसा आवाज, थोडा घोगरा, घाई नसलेला. शब्द, शब्द, शेपटी. शब्द, शब्द, टिंब. लहानपणापासून ज्या बाजूला माझ्यासाठी काहीच नव्हतं, त्या बाजूला एकदम पूर्ण जग होतं. मी दचकले नाही, मान वळवली नाही. याचंच मला नंतर नवल वाटलं. त्या वेळी ते इतकं साधं वाटलं, की ओसरीवर बसल्यासारखी मी लिहीत गेले.

उतारा समुद्राकाठच्या दीपगृहाचा होता. तिथं दिवा लावणाऱ्या एका माणसाचा. समुद्र मी पाहिलेला नव्हता, जमनानंही नव्हता. असा उतारा आम्ही कधी केला नव्हता, आमच्या रद्दीतही नव्हता. घंटा झाली, पोरांनी टाक खाली ठेवले. आवाज थांबला नाही. अजून एक वाक्य आलं, मी ते लिहिलं. "टिंब," जमना म्हणाली.

त्यानंतर डावीकडे पुन्हा काही उरलं नाही. तेव्हा मी वळून पाहिलं. रिकामा बेंच. पोरं मात्र माझ्याकडे बघत होती. माझ्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं ते मला तेव्हा कळलं.

दुपारी रीडिंगसाठी एकेकाला हेडमास्तरांच्या खोलीत बोलावत होते. माझी पाळी आली तेव्हा साहेबांपुढे माझा पेपर उघडा होता. हेडमास्तर बाजूला उभे होते. साहेबांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"ही ओळ तू कुठून आणलीस?"

मला प्रश्नच कळला नाही. त्यांनी पिशवीतून पुस्तक काढून पान दाखवलं. घंटा झाली म्हणून ते त्या ओळीच्या आधीच थांबले होते. पण माझ्या पेपरात ती होती, पुस्तकात होती तशीच. इंग्रजी वाक्य होतं, त्याचा अर्थ असा की सकाळी दिवा विझवायला कोणीच आलं नाही. पुस्तक त्यांच्या घरचं होतं. कोणता उतारा द्यायचा हे त्यांनी एसटीत बसल्यावर ठरवलं होतं, असं ते हेडमास्तरांना सांगत होते. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण मी कुठूनतरी चोरी केली आहे असाच त्यांचा समज होता. आणि चोरी ठरली असती तर फॉर्म, शाळा, बाबांचं मान वर करून चालणं, सगळंच गेलं असतं.

मला खोटं काही सुचलं नाही. मी म्हणाले, "जमनानं सांगितलं."

साहेबांनी हेडमास्तरांकडे पाहिलं. हेडमास्तर हळूच म्हणाले की ती मुलगी मागच्या आठवड्यात वारली. मग त्यांनी माझ्या कानाचंही सांगितलं. साहेब उठले, माझ्या मागे गेले. हेडमास्तरांनी माझ्या उजव्या कानावर स्वतःचा तळहात दाबून धरला. मी समोरच्या भिंतीकडे बघत उभी राहिले. साहेब डावीकडून काहीतरी बोलत होते म्हणे, पुष्कळ वेळ, मोठ्यानंसुद्धा. मला काही कळलं नाही.

ते परत खुर्चीत बसले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांनी त्या शेवटच्या ओळीवर आडवी रेघ मारली आणि बाकीच्या उताऱ्याला मार्क दिले. मग मला वाचायला लावलं, मी वाचलं. मी दारापर्यंत गेल्यावर त्यांनी हाक मारली.

"तिचं वाचन चांगलं होतं?"

मी "हाओ" म्हणाले.

मी मॅट्रिक झाले, पुढे शिकले, नोकरी केली. यवतमाळच्या एका कानाच्या डॉक्टरांना मी नंतर कान दाखवला, खरं कारण न सांगता. त्यांनी सगळं तपासलं. म्हणाले, आतली नसच गेलेली आहे, या कानानं तुम्हाला कधीच काही ऐकू येणं शक्य नाही. दुःखानं मनाचे खेळ होतात, हेही मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. पण मनाला ती ओळ कुठून मिळाली? साहेबांनी न वाचलेली? इथं माझं गणित अडतं. पुढे कित्येक वर्षं मी डावीकडची जागा मुद्दाम रिकामी सोडून बसायचे. एसटीत, शाळेत, लग्नाच्या पंगतीत. काहीही आलं नाही.

पण माझ्या मनाला लागून राहिलंय ते वेगळंच. टेस्टचा निकाल लागल्यावर मी बाबांबरोबर तांड्यात गेले. जमनाची आई दारात बसली होती. तिला सगळे याडी म्हणत, म्हणजे आई. तिनं मला जवळ बसवलं, पाणी दिलं. बाबांनी नको म्हणून खुणावलं तरी मी तिला सगळं सांगितलं. वाटलं, तिला बरं वाटेल. पोरगी कुठेतरी आहे, एवढं तरी.

याडीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, "माह्यं नाव घेतलं का तिनं?"

मी नाही म्हणाले.

"आपल्या बोलीत काही बोलली?"

तेही नाही. टिंब-शेपटी सोडली तर नुसती इंग्रजी होती. याडी म्हणाली, जे बोलली ते बोलून दाखव. मला अख्खा उतारा तोंडपाठ होता, अजूनही आहे. मी म्हणत गेले आणि ती डोळे मिटून ऐकत राहिली. एक शब्दही तिला कळत नव्हता. मी थांबले तरी तिनं डोळे उघडले नाहीत. बाबा निघायला म्हणून उठले होते.

"मंग तुह्याकडे काहून आली?" याडी म्हणाली. रागानं नाही, खरोखरच विचारल्यासारखं. "मी तं रोज इथंच बसून राह्यतो."

बंद कानानं कसं ऐकलं, हे कदाचित पुढेमागे एखादा डॉक्टर सांगेलही. याडीला काय सांगायला हवं होतं, ते मला या वयातही सुचलेलं नाही.